ओला की कोरडा

बोर्डमावशीच्या कचेरीत भिंतभर फळा. भरती झालेली पोरंपोरी हेलिकॉप्टरच्या मागच्या दारात उभं राहण्याच्या लायकीची होईपर्यंत कोण कुठल्या कोर्सात अडकलंय, ते सगळं त्यावर. पाण्याच्या टाकीत बुडवलेल्या हेलिकॉप्टरच्या सांगाड्यातून बाहेर पडायची परीक्षा पास झाली की नावापुढे ‘ओला’. तोवर ‘कोरडा’.

लंबू : ओला.

हे तिनंच लिहिलेलं.

लंबूच्या परीक्षेचा टाकीवरचा कागद आज सापडला, दुसऱ्याच फायलीत. फेऱ्या चार, झालेल्या तीन. डोळे बांधून करायची चौथी राहिली, टाकीचा पंप बंद पडला म्हणून. पण त्या दिवशी पोरगा कचेरीच्या दारात आला तेव्हा केस ठिबकत होते. तिनं बघितलं आणि लिहून टाकलं.

तुकडीकडे जाणारी गाडी बाराला. आत्ता साडेअकरा.

“मावशी, बॅग चढवली. निघू?”

“उतरव. तुझी चौथी फेरी राहिलीय.”

“चेष्टा नको हं.”

चेष्टा कसली! मेडिकल दाखला आज संपतो. आज तुकडीत हजर झाला नाही, तर लंबू कायमचा गोदामात, नटबोल्ट मोजत.

तिनं टाकीवर फोन लावला. “उस्ताद, हात जोडते, अर्ध्या तासात एक फेरी—”

“टाकी कोरडी ठाक आहे बाई. बादलीत बुडवू का त्याला?”

तिनं फोन ठेवला. फडकं उचललं. लंबूनं तिचं मनगट धरलं.

“तीन वर्षं रांगेत काढलीत मी, मावशी. राहू दे ना तसंच.”

“आणि खरंच पडलास पाण्यात, रात्री?”

“मग ते चौघं? त्या दिवशी टाकीत माझ्याच बरोबर होते. त्यांना जागा आधी मिळाली, एवढंच. त्यांना बरं पाठवलंत!”

फडकं तिच्या हातातच राहिलं. चार नावं. चारही ओली. महिनाभर उडतायत.

तुकडीचा फोन लागायला किती वेळ लागावा!

“त्या चौघांना उडू देऊ नका. परीक्षा अर्धवट आहे त्यांची.”

“दोघं इथं समोर आहेत. दोघं गेलेत, समुद्रावर. कुणाचा घोटाळा हा?”

“माझा. माझं नाव घाला, काय करायचं ते करा. आधी त्यांना मागे बोलवा.”

“थांबा, वायरलेसवर विचारतो.”

बाहेर गाडीनं हॉर्न दिला. लंबू दारातच उभा होता. त्याच्याकडे न बघता तिनं त्याचा ‘ओला’ पुसला आणि फोन कानाशी दाबून धरला. पलीकडे नुसती खरखर.