उतरवलेली पट्टी

गोपाळकृष्णांचा कम्प्युटर वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या भाग्यश्रीला द्यायचा, असं सुनीतीबाईंनी नवऱ्याच्या वर्षश्राद्धानंतर ठरवलं. पोर अकोल्याहून शिकायला आलेली, तिला उपयोग होईल. पण कर्वेनगरातल्या या घरातून शेजारी जाणारी वाटीसुद्धा लखलखीत होऊन जाते, तिथे कम्प्युटर तसाच कसा जाईल? सुट्टीवर आलेल्या पुष्करला, म्हणजे मुलाला, आईने साफसफाईला बसवलं.

पहिला नंबर तानपुऱ्याच्या सॉफ्टवेअरचा. निवृत्त झाल्यापासून गोपाळकृष्ण रोज सकाळी ते लावून गायचे. गळा बेताचाच, हौस मात्र दांडगी. सुनीतीबाई स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायच्या. रेकॉर्ड करून ठेवलंय, सवडीने ऐक, असं ते म्हणायचे. ती सवड काही झाली नाही.

सॉफ्टवेअर निघालं. मागे उरलेल्या फाइल्सही काढायच्या का, पुष्करने विचारलं.

"काढ की. खरकटं ठेवून कोणी भांडं देतं का?"

त्याने सगळं कायमचं पुसलं. मग सुनीतीबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

"आता त्यांचं गाणं लाव. आज ऐकते."

पुष्करचा हात माउसवरच थांबला. गाणं त्या फाइल्समध्येच होतं. न बघता पुसल्याचं त्याने खालमानेने कबूल केलं. परत मिळवायची खटपट दुपारपर्यंत केली, हाती काही लागलं नाही. शेवटी त्याने सॉफ्टवेअर पुन्हा टाकून पाहिलं. रेकॉर्डिंगची यादी कोरी होती. तानपुरा मात्र वाजू लागला, आणि पडद्यावर पट्टी दिसली: काळी पाच, खालची. त्यांनी शेवटची लावलेली पट्टी, कुठल्याशा कोपऱ्यात तेवढी एक खूण पुसायची राहून गेली होती.

"ते तर याहून वरच्या, काळी एकमध्ये गायचे," सुनीतीबाई म्हणाल्या.

त्याखाली उतरलो तर गाणं सोडेन, असं चारचौघांत सांगणारा माणूस. दम पुरेना तेव्हा त्याने गुपचूप पट्टी उतरवली होती, अक्षर न बोलता. फुप्फुसांचं दुखणं डॉक्टरांना सापडलं तोवर फार उशीर झाला होता. दार उघडं असतं तर बायकोला ते आधीच ऐकू आलं असतं.

बंद करू का, पुष्करने हळूच विचारलं.

"नको. कम्प्युटर आता कुठे जात नाही."

त्यांनी स्वयंपाकघराचं दार सताड उघडलं, आणि ओट्याशी उभ्या राहून त्या रडल्या.