पारड्यात पडलेली माती

मित्रांनो, मी सिरसाळ्याच्या बाजारातला जुना तराजू. माझी दांडी गहिनीनाथ लोहाराने घडवली, पारडी सागवानी फळ्यांची. निजामाच्या राज्यात मी ज्वारी तोलली, कापूस तोलला, गूळ तोलला, आणि एकदाही कोणाला छटाकभर फसवले नाही. तरी आज मला स्वतःची शिसारी येते. का, ते ऐका.

जत्रेच्या दिवशी माझ्यात पैलवानही बसत. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागत, पण मधली जोड पावणेदोन मण वजनाच्या गड्यांची. ती धोंडीराम मापाडी मला विचारूनच लावायचा. वजन उतरवायला कोणी डोके भादरून येई, वाढवायला कोणी तांब्यावर तांब्या पाणी ढोसून येई, आणि एखादा महाभाग पान खाऊन माझ्याच पारड्यात पिंक टाकी. त्या घाणीचे मला काही वाटले नाही. ती धुतली की जाते.

मधल्या जोडीत दिलावर पिंजारी होता. पहाटे तालीम, मग दिवसभर कापूस पिंजायचा. वीस वर्षांत त्याचे वजन वर गेले नाही की खाली आले नाही. सुंदरराव देशमुखांच्या पुतण्याला, मोहनरावाला, त्याने दोनदा अस्मान दाखवले होते. मोहनराव त्याच्या पासंगालाही पुरत नव्हता, हे शेंबडे पोरही सांगेल. पण जिंकणाऱ्याला मिळणारे चांदीचे कडे दिलावरने कधी घेतले नाही. बक्षिसात तो तेल, हळद आणि ताक मागायचा आणि तालमीच्या हौद्यातल्या मातीत ओतायचा. ती माती इतकी मऊ झाली होती की पडणाऱ्याला लागतच नसे.

पुढे दिलावरचे गुडघे गेले. त्याच वर्षी तालमीचे वस्ताद वारले. पंचांनी ठरवले, आजवरच्या मधल्या जोडीत जो सगळ्यांत थोर, तोच नवा वस्ताद. दिलावरला जन्मात दुसरे काही नको होते. पोरांना डाव शिकवावेत आणि माती राखावी, एवढीच त्याची आस.

पंच तीन दिवस भांडले. एकाला सटवा पैलवानाचा ढाक डाव आठवे, दुसऱ्याला आणखी कोणाची धोबीपछाड. पाच नावे निघाली, पण त्यांचा क्रम काही लागेना. शेवटी पंचांचे म्होरके सुंदरराव वैतागले.

"कावून डोस्कं पिकवता बे? ज्याची चांदी जड, तो मोठा. आना तो तराजू!"

आणि अक्कल गहाण टाकलेल्या त्या पंचांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या.

मला तालमीच्या दारात टांगले. मोहनरावाची कडी एका पारड्यात आली. प्रत्येक जत्रेत काकाने त्याच्या हातात कडे घातले होते, हरला तरी घातले होते. समोरच्या पारड्यात एकेकाची चांदी येऊ लागली. एक गडी उभ्या जन्मात चितपट होत आला होता, पण त्याचा सासरा सराफ. तो दुसरा ठरला! मला ओकारी यायची तेवढी बाकी होती. मग दिलावरचे नाव पुकारले.

"काईच न्हाई का रे?" धोंडीरामने हळूच विचारले.

"काई न्हाई, मामा."

तेवढ्यात त्याची बायको अकबरी पाटी घेऊन थेट तालमीत शिरली. बाईने तिथे पाऊल टाकायची रीत नव्हती. तिने हौद्यातली माती पाटीत भरली आणि माझ्या रिकाम्या पारड्यात उपडी केली. पारडे धाडकन जमिनीला टेकले. मोहनरावाची चांदी वर लटकत राहिली.

"ही आमची कडी," ती म्हणाली. "वीस सालाचं तेल जिरलंय ह्यात. तोला आता!"

मी खरे तेच सांगितले होते, मित्रांनो. सगळ्यांना दिसत होते. मोहनरावानेसुद्धा मान खाली घातली.

सुंदरराव मात्र हसले. "माती ती मातीच. काढा ती. अन् बाई आत आलती, गोमूत्र शिंपडून घ्या."

पंचही हसले. त्यांच्यापेक्षा ती पिंक बरी होती.

दिलावरने ओंजळीओंजळीने माती पाटीत भरली, परत हौद्यात नेऊन पसरली, चिमूटभर कपाळाला लावली आणि अकबरीला घेऊन निघून गेला. पुन्हा तो तालमीत आला नाही.

मोहनराव वस्ताद झाला. त्याने मातीला थेंबभर तेल दाखवले नाही. दोन वर्षांत हौदा खडकासारखा झाला. एका पोराचे खांद्याचे हाड मोडले, मग बाकीची पोरे येईनाशी झाली. आता तिथे देशमुखांच्या शेळ्या बांधतात.

माझ्या फळ्यांच्या फटींत मात्र ती तेलकट माती बसली ती बसलीच. धोंडीरामने खिळ्याने कोरून पाहिली, निघाली नाही. शेवटी दुसऱ्या पारड्याला खडा बांधून त्याने तोल साधला. मला तो खडा आवडत नाही, माती आवडते.

मित्रांनो, माझ्यात ज्वारी घाला, गूळ घाला. माणूस केवढा, हे मला विचारू नका. ते तुम्हाला आधीच ठाऊक असते. तुमच्या गावात कोणी अजून हौद्यात तेल ओतत असेल, तर त्याचे गुडघे जायच्या आत त्याचे नाव पहिले घ्या.