पाच ते सहाची मोजणी

"ज्या वाटेवर वाघ बसलाय, त्या वाटेनं किती माणसं गेली ते मोजताय तुम्ही," असं विनयाला समितीच्या बैठकीत म्हणायचं होतं. हिंदीत ते नीट जमलं नाही. इंजिनिअर साहेबांनी हातातला समोसा खाली ठेवला आणि समजुतीनं सांगितलं, "मैडम, नियम है. एक घंटे में दो सौ लोग पार करें, तभी सिग्नल लगेगा. आपके यहाँ अड़तीस हैं."

पायी आणि बसने जाणाऱ्यांसाठी नेमलेली ती नागरिक सल्लागार समिती. अकरा नागरिक, त्यातले नऊ गाडीनं यायचे. समितीनं सल्ला द्यायचा, ऐकायचं की नाही ते साहेबांनी ठरवायचं. जानेवारी संपला की समितीही संपणार होती. विनया फारच हटून बसली तेव्हा साहेबांनी डायरी उघडली. "ठीक है. बुधवार, शाम पाँच से छह. आख़िरी बार."

दिल्लीच्या मयूर विहारमधला तो रस्ता सहा पदरी. अलीकडे विनयाची सोसायटी, पलीकडे बसथांबा. सकाळची बस अबोलीला दारातून मिळे, संध्याकाळची मात्र पलीकडे उतरवी. अबोली वीस वर्षांची, विनयाची एकुलती एक. तिच्या डोळ्यांचा उजेड कडेकडेनं विझत चालला होता, समईभोवतीचं रिंगण आक्रसत यावं तसा. दिवसा समोरचं तेवढं दिसे. दिवेलागण झाली की तेही नाही. डॉक्टर म्हणाले होते, "दोन वर्षं धरा. नजर आहे तोवर पायांना रस्ते पाठ होऊ देत."

रस्ते पाठ व्हायचे तर रस्त्यानं आधी उभं तरी राहू द्यायला हवं. शाळेतली लायब्ररी बंद करून विनया रोज पलीकडे जाऊन लेकीची वाट बघे आणि तिचा हात घट्ट धरून तिला पार नेई. "कॅब लावून टाक ना, यार," असं प्रसन्न गुरुग्रामच्या ऑफिसातून फोनवर म्हणायचा. त्यावर अबोली म्हणायची, "बाबा, कॅबमध्ये बसून मी रस्ता कसा शिकणार?"

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. मंगळवारी विनया कुमुदताईंकडे गेली. समितीतल्या पायी चालणाऱ्या दोघींपैकी एक विनया, दुसऱ्या कुमुदताई. त्या पलीकडच्या सोसायटीत राहायच्या.

"ताई, तुमच्या हॉलमध्ये उद्या हळदीकुंकू करू या. पाच वाजता. आमच्या बाजूच्या सत्तर जणींना बोलावते. येताना सत्तर, जाताना सत्तर. रोजचे अडतीस. उरल्या बावीस खेपा मी एकटी घालीन."

कुमुदताईंनी विचारलं, "आणि कशासाठी ते सांगणार आहेस त्यांना?"

"रस्ता ओलांडायला या म्हटलं तर निम्म्या घाबरतील. वाण घ्यायला मात्र सगळ्या येतील."

"तेही खरंच," कुमुदताई म्हणाल्या. दोघींनी मिळून केली ती चूक हीच.

बुधवारी पावणेपाचला विनया अलीकडच्या कडेला उभी होती. ठेकेदाराकडची एक मुलगी प्लास्टिकची घडीची खुर्ची टाकून, हातात मोजणीचं यंत्र घेऊन बसली होती. धुकं सकाळपासून हललं नव्हतं. पाच वाजले. सोसायटीच्या फाटकातून नऊवारी, पैठण्या, नथी बाहेर पडू लागल्या. विनयाच्या छातीत काही तरी उमललं.

पहिली बाई ई-रिक्षात बसली. दुसरी, तिसरी त्याच रिक्षात. मग शेजारच्या रेवतीची गाडी आली, तीत पाच जणी. काच खाली करून रेवती ओरडली, "विनया, थंडीत उभी का? चल ना, जागा आहे!" आणि गाड्या एकामागून एक दीड किलोमीटरवरच्या यू-टर्नकडे निघून गेल्या, वरातीसारख्या.

वीस वर्षं त्या बायका असंच पलीकडे जात होत्या. हा रस्ता चालून ओलांडायचा असतो, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

विनया धावत पार गेली. मागे यंत्र एकदा वाजलं, टक.

हॉलमध्ये अत्तर, हलव्याचे दागिने, हशा. कुमुदताईंना नाव घ्यायचा आग्रह झाला होता. त्यांचा चेहरा पडलेला, तरी बायकांनी सोडलं नाही, तेव्हा त्या म्हणाल्या,

"पलीकडे दिसतं घर, पण जायला लागते गाडी,
दत्तात्रयरावांचं नाव घेते, नेसून काळी साडी."

हॉल टाळ्यांनी भरला. विनया दारात उभी. साडेपाचला दहा मिनिटं होती.

"बायांनो," ती म्हणाली, "माझ्यासोबत खाली चला. एकदा रस्ता ओलांडा आणि परत या. पाया पडते तुमच्या." मग तिनं सगळं सांगितलं, अडतीस, दोनशे, अबोलीचे डोळे.

एक आजी म्हणाल्या, "अगं, माझा गुडघा नवा बसवलाय." दुसरी म्हणाली, "अंधार पडतोय, विनया. हा काय वेडेपणा?" रेवती पदर खोचत उठली. "आधी बोलली असतीस तर सगळ्याच पायी आलो असतो, बावळट. चला गं, ज्यांना जमतंय त्या!"

अकरा जणी निघाल्या. हातात हात गुंफून, फुगडीला उभं राहावं तशी ओळ करून त्या रस्त्यात उतरल्या. हॉर्न, शिव्या, पुन्हा हॉर्न. जाताना बारा, टक टक टक. परत येताना एक मोटरसायकल रेवतीच्या पदराला घासून गेली. तिच्या मोकळ्या हातातल्या वाटीतले तीळगूळ रस्त्यावर सांडले आणि पुढच्याच चाकाखाली त्यांचा भुगा झाला. कडेला आल्यावर रेवती म्हणाली, "सॉरी, विनया. माझीही दोन पोरं आहेत गं." त्या वर गेल्या. विनयाला त्यांचा राग आला नाही.

ती एकटीच उतरली. गेली. आली. गेली. आकडा पुरणार नाही हे तिला केव्हाच कळलं होतं, पाय मात्र ऐकेनात. जात्यात दाणे संपले तरी खुंटा फिरवत राहावा, तशी ती फिरत होती.

खुर्चीवरची मुलगी न राहवून म्हणाली, "आंटी, बस करो. मर जाओगी."

"तू गिन, बेटा. तू सिर्फ़ गिन."

सहाला दहा मिनिटं असताना पलीकडे बस थांबली. पांढरी काठी टेकत अबोली उतरली. विनया तिच्याजवळ पोचली.

"आई? धापा का टाकतेयस?"

"हळदीकुंकू होतं."

"हळदीकुंकवात कुणी पळतं का?"

विनयानं तिचा हात धरला. दोघी निघाल्या आणि मधल्या दुभाजकावर अडकल्या. पुढचे तीन पदर भरून वाहत होते, मागचेही. धुक्यात दिव्यांचे नुसते पिवळे डाग. पाच मिनिटं गेली. मग आणखी काही. खुर्चीवरून मुलगी ओरडली, "आंटी, छह बज गए! चौहत्तर!" तिनं खुर्ची मिटली, काखेला मारली, आणि तीही धुक्यात दिसेनाशी झाली.

"चौऱ्याहत्तर काय?" अबोलीनं विचारलं.

विनयानं सांगितलं. दुभाजकाच्या हातभर सिमेंटवर उभं राहून, लेकीच्या खांद्यावर कपाळ टेकवून सांगितलं. "मी काही करू शकले नाही गं तुझ्यासाठी."

अबोली म्हणाली, "हात सोड."

"वेडी आहेस?"

"सोड ना, आई. तू असं आवळून धरलंस की मला तुझी भीतीच ऐकू येते, गाड्या ऐकू येत नाहीत. सिग्नल बसणार नाही म्हणतेस. मग हा रस्ता मला असाच शिकायला हवा, दिसतंय तोवर."

विनयाच्या मुठीतली बोटं एकेक करून सुटली. करंगळी तेवढी राहिली.

अबोलीनं मान किंचित तिरकी केली. एक ट्रक गेला. दोन रिक्षा. एक बस, तिच्या मागून मोटरसायकल. विनयाचे ओठ हलत होते, देवाचं नाव होतं की आकडे, तिलाही सांगता आलं नसतं. मग धुक्यात कुठं तरी आवाज थोडा पातळ झाला.

"आता," अबोली म्हणाली आणि काठी पुढे टाकून उतरली.

विनया तिच्या मागे गेली. एक पदर. दुसरा. तिसऱ्यात डावीकडून करकचून ब्रेक लागला, कुणी तरी आईवरून शिवी दिली. काठी कडेच्या दगडावर आपटली.

खुर्चीची जागा रिकामी होती. अबोलीचा चेहरा पांढरा पडला होता.

"उद्या परत," ती म्हणाली. आणि मग हळूच, "तू येशील ना?"