तारेच्या गाठींवर उभा

मी त्राबोक्को बोलतोय, मासे धरायचं समुद्रातलं मचाण! हो, आज मीच बोलणार, कारण आज सकाळी माझ्या नावाचं पत्र आलंय आणि मला गप्प राहवत नाही.

किनाऱ्यावरून पाहिलंत तर पाण्यात उतरलेला लांब पायांचा किडाच वाटेन मी. समुद्रात रोवलेले वासे, त्यांवर फळ्यांचं मचाण, पुढे दोन लांब हात आणि त्या हातांत टांगलेलं भलंमोठं जाळं. रहाट फिरवला की जाळं खाली जातं, उलटा फिरवला की माशांसकट वर येतं. होडीत बसायला घाबरणाऱ्या शेतकऱ्यांनी असली मचाणं उभारली, असं इथं म्हणतात. म्हणोत! मला त्यात कमीपणा वाटत नाही.

मला बांधलं दोनातोच्या आजोबांनी. अंगात एक खिळा नाही. वाशाला वासा तारेनं बांधलेला. लाट आली की मी डोलतो, कुरकुरतो आणि परत जागेवर येतो. दर वादळात दोन-चार वासे जायचेच. त्यांच्या जागी नवे यायचे, आणि तीन पिढ्यांची लाकडं माझ्या अंगावर एकत्र नांदायची.

गेल्या हिवाळ्यात दोनातो गेला. त्याची टोपी झोपडीच्या दारामागे तशीच राहिली. त्याच्या बायकोनं, आस्सुंतानं, तिला हात लावला नाही. जाळंही कुणी पाण्यात सोडलं नाही.

मग नगरपालिकेचा कागद आला. मचाण धोकादायक झालंय, जूनच्या आत उतरवा. आस्सुंतानं तो माझ्याच फळीवर बसून दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी बस पकडून शहरात गेली. आमच्या देशात जुन्या वास्तूच नव्हे, तर किनाऱ्याचं, डोंगराचं रूपही जपणारा कायदा आहे. त्या कायद्याच्या यादीत माझं नाव लागलं, तर मला कुणी उतरवू शकणार नव्हतं. तिनं अर्ज दिला. उत्तर आलं: गुरुवारी पाहणीला सेर्वी नावाच्या अधिकारी बाई येतील.

आणि मग आमच्या माणसांनी आमच्या माणसांसारखीच चूक केली!

"वहिनी, शिकलेली बाई येतेय शहरातून," दोनातोचा धाकटा भाऊ रेमो म्हणाला. "तिच्यापुढे हे असं भिकाऱ्यासारखं उभं करायचं?"

"पाहणीच करायची आहे तिला, भावजी. लग्न नाही लावायचं."

"माणसं काय म्हणतील?"

या प्रश्नापुढे इथं कुणाचंच चालत नाही. तीन दिवसांत रेमोनं माझे जुने वासे काढले, नवे बसवले, तारा फेकून चकचकीत बोल्ट ठोकले आणि वर निळा रंग फासला. मी आरशात पाहिलं असतं तर स्वतःला ओळखलं नसतं. आस्सुंता एवढंच म्हणाली, "टोपी तेवढी राहू द्या."

गुरुवारी सेर्वी बाई आल्या. पायांत रबरी बूट, हातात वही. माझ्याकडे पाहिलं, वहीत पाहिलं, पुन्हा माझ्याकडे.

"छान आहे. आता जुना कुठे आहे तो दाखवा."

"हाच तो!" रेमोनं छाती फुगवली.

"अर्जात सत्तर वर्षांचा लिहिलंय. याचा रंग अजून माझ्या हाताला लागतोय."

रेमोचा चेहरा उतरला. आस्सुंतानं डोळे मिटले. तेवढ्यात ईशान्येचा वारा सुटला.

पहिल्या लाटेला मी सवयीनं डोलायला गेलो आणि डोलता येईना! बोल्टांनी सांधे आवळलेले. दुसऱ्या लाटेला डाव्या पायात काडकन आवाज झाला. सेर्वी बाईंनी कठडा धरला. आस्सुंतानं मान वर केली. तो आवाज तिला कळला.

"पक्कड, पाना आणि झोपडीतली तार आणा, भावजी!"

"वहिनी, वारा बघा केवढा—"

"वारा मी जन्मापासून बघतेय. पाना!"

काळ्या स्कर्टाचा काठ कमरेला खोचून ती माझ्या अंगावर चढली. एकेक बोल्ट सैल केला, सांध्याभोवती तार फिरवली, पीळ दिला, टोक आत दडपलं. रेमो वासा धरून उभा. सेर्वी बाईंनी वही दातांत धरली आणि दोन्ही हातांनी तार पुरवली. चौथी गाठ बसली आणि मी डोललो! कुरकुरलो, डोललो, परत जागेवर आलो. काय सांगू तो आनंद!

"ही गाठ कुणी शिकवली?" खाली उतरल्यावर बाईंनी विचारलं.

"सासूबाईंनी. पुरुषांच्या गाठी सैल असतात, म्हणायच्या. माझा नवरा बांधून जेवायला गेला की मी त्या पुन्हा आवळायचे. त्याला कधी कळलं नाही."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि जुनी लाकडं?"

रेमो जमिनीकडे बघत पुटपुटला, "भट्टीमागे रचलीत. रविवारी पाव भाजायला पेटवणार होतो."

"आज गुरुवार आहे," बाई म्हणाल्या. "पळा."

तो पळाला! माझी सगळी लाकडं परत आली, तपासली गेली, जिथली तिथं बांधली गेली. फळ्यांवरचा निळा रंग खरवडताना रेमोचे तळहात सोलले, आणि त्यावर आस्सुंतानं त्याला पोटभर चिडवून घेतलं.

आज पत्र आलं. कायद्याच्या यादीत माझं नाव लागलं. आस्सुंतानं दारामागची टोपी काढली, झटकली, डोक्यावर घातली आणि रहाट फिरवला. पहिल्या खेपेला सात बोय मासे आणि एक चप्पल!

तुम्ही इकडे आलात तर मला रंगवू नका, सजवू नका. वादळानंतर आलात तर पक्कड घेऊन या. आणि एक निरोप तेवढा आस्सुंताला द्या, कारण माझी कुरकुर तिला कळते, पण बोलणं कळत नाही. दोनातोला ठाऊक होतं. प्रत्येक गाठीला तो तारेचं टोक वीतभर जास्त सोडायचा, तिला आवळता यावं म्हणून.