बाळाराम तरे यांचे चाळीस सेकंद

कलावंत कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभा राहतो तो क्षण पवित्र असतो. त्या क्षणी त्याच्या आत साठलेले सगळे आयुष्य चेहऱ्यावर येते, असे जाणकार म्हणतात. बाळाराम तरे यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी त्यांचे साडू आले.

बाळाराम कामतघर गावातल्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात तीस वर्षे जॉबर होता. जॉबर म्हणजे बंद पडलेला लूम चालू करणारा आणि चालू लूम बंद पडू नये म्हणून त्याला शिव्या देणारा. एका छपराखाली चोवीस लूम धडधडत असले की माणसाच्या आवाजाला किंमत राहत नाही, म्हणून तिथे कोणी आवाज वापरतच नाही. ओठ मोठे हलवायचे, समोरच्याने ते वाचायचे. चहा आला, शेठ आला, तुझा पाय बघ कुठे आहे, सगळे बिनआवाजी. ही सवय पुढे सुटत नाही. कामतघरातल्या लग्नात पंगतीच्या या टोकाचा कारीगर त्या टोकाच्या कारीगराकडे जिलबीची तक्रार करतो आणि मध्ये उभ्या असलेल्या यजमानाला पत्ता लागत नाही.

साडू म्हणजे केसरीनाथ भोईर. बाळारामची बायको मंदा आणि केसरीनाथची बायको चंद्रा या सख्ख्या बहिणी. केसरीनाथची दापोड्याला पाच गोदामे, एक तीन मजली बंगला आणि पांढऱ्या बुटांचे चार जोड होते. दोघा साडूंमध्ये अकरा वर्षे वैर होते आणि त्याला कारण कावळा होता.

सासऱ्यांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. रिवाजाप्रमाणे नातेवाइकांनी एकेक वचन द्यायला सुरुवात केली. घराला पत्रे घालू, वज्रेश्वरीला जाऊन येऊ, धाकट्या पुतण्याचे लग्न लावू. कावळ्यांना त्या पुतण्यात रस नव्हता. अडीच तास झाले, डोकी तापली, तेव्हा केसरीनाथ सगळ्यांदेखत म्हणाला, "म्हाताऱ्याचा जीव म्हातारीत अडकलाय. बाळाराम, तू बोल. बोल, सासूला मी संभाळीन." बाळारामला भूक लागली होती. तो बोलला. कावळा ताबडतोब आला आणि भात घेऊन गेला.

तेव्हापासून सासू, म्हणजे गोदू, बाळारामच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहायला आली. सहा महिन्यांनी केसरीनाथने आपल्या ड्रायव्हरला कामावरून काढले आणि ड्रायव्हरने बाळारामला येऊन सांगितले, की दहाव्याच्या दिवशी त्याची ड्युटी आंब्याच्या झाडामागे होती, गलोल घेऊन. वचन झाल्यावर शेठने रुमालाने तोंड पुसले, तो इशारा.

हे कोणाला सांगावे? साक्षीदार हाकललेला, वचन मेलेल्या माणसाला दिलेले. बाळारामने ते फक्त धम्मपालला सांगितले. धम्मपाल शेजारच्या लूमवर कारीगर होता आणि सांत्वनाची त्याची रीत वेगळी होती.

"आमच्यात पिंड न्हाय, कावळा पण न्हाय," तो ओठांनी म्हणाला. "माझी सासू तिच्या पोराकडं हाय. तूच विचार कर."

गोदू अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. तिनेही वीस वर्षे लूमसाठी धाग्याच्या कांड्या भरल्या होत्या. त्यात कान गेले, डोळे मात्र घारीचे राहिले. तिच्यापासून लपवून बोलायचे तर बाळारामला पाठ फिरवावी लागे. जेवणावर तिचे एकच मत होते, कालवण खारट आहे. ते ती दिवसातून दोनदा, पूर्ण आवाजात मांडत असे.

मग विपुल नावाचा एक तरुण दिग्दर्शक सिनेमा घेऊन आला. सिनेमा कामगारांच्या दुःखावर होता आणि त्याचे नाव इंग्रजीत होते. चालू कारखान्यात शूटिंगला जागा मिळेना, कारण दुःखासाठी शिफ्ट बंद ठेवायला कोणी शेठ तयार नव्हता. शेवटी केसरीनाथचे एक गोदाम भाड्याने घेतले. भंगारातून दोन लूम आणले. गोदाम फार स्वच्छ निघाले म्हणून बाहेरून दोन गोणी धूळ आणून पसरली. लूम चालू करायला जॉबर हवा होता.

"माझा साडू हाय," केसरीनाथ म्हणाला. "बोलावला की येतो. दुसरं काय काम असतं त्याला?"

बाळाराम आला. लूम चालू केले. कामगाराची भूमिका करायला एक मोठ्या पगाराचा नट मुंबईहून आला होता. लूम सुरू झाल्यावर तिसऱ्या मिनिटाला आडवा धागा नेणारा लाकडी धोटा उडाला आणि नटाच्या कानाशेजारून जाऊन धुळीच्या गोणीत घुसला. नट गाडीत जाऊन बसला आणि काच वर करून घेतली. संध्याकाळपर्यंत ती खाली आली नाही.

विपुलने इकडेतिकडे पाहिले. लूमला न घाबरणारा एकच माणूस तिथे होता.

"काका, एकच सीन आहे. कामगार मालकाला सुनावतो. ही दोन पानं."

बाळारामने पाने उलटसुलट केली. "एवढं कोण बोलतो मालकाला?"

"बरं, पानं सोडा. ज्याचा मनापासून राग येतो तो माणूस समोर आणा आणि जे वाटेल ते बोला."

मालकाची भूमिका करणारा नट दुपारीच घरी गेला होता. बाळारामची नजर कुठे ठेवायची, म्हणून कॅमेऱ्याच्या बाजूला कोणाला तरी उभे करणे भाग होते. केसरीनाथ वडापाव खात तिथे मोकळाच उभा होता. विपुलने त्याला खांद्याला धरून जागेवर आणले. केसरीनाथनेही लगेच पोट आत घेतले, आपण पडद्यावर दिसणार अशा समजुतीने.

लूम धडधडू लागले. कॅमेरा सुरू झाला. बाळारामने साडूकडे पाहिले. तीस वर्षांची सवय म्हणून त्याचा आवाज आपोआप बंद झाला आणि ओठ चालू झाले.

"केसऱ्या," ओठ म्हणाले, "कावळा तू अडवलास. झाडामागं ड्रायव्हर उभा केलास गलोल घेऊन. बंगला तुझा तीन मजली आणि म्हातारी माझ्या उरावर. अकरा वर्षं झाली. मरत न्हाय ती. कालवण खारट, कालवण खारट. नेऊन घाल तिला तुझ्या बंगल्यात. आणि ते पांढरे बूट काढ, वरातीतल्या घोड्यासारखा दिसतोस."

केसरीनाथ गोदामवाला माणूस, त्याला ओठ वाचता येत नव्हते. तो वडापाव खात राहिला.

"सर, काहीच आलं नाही," आवाजवाला म्हणाला. "नुसते लूम."

विपुलच्या डोळ्यांत पाणी होते. "राहू दे. आवाज नकोच." मग तो बाळारामकडे वळला. "काका, काय बोललात?"

"तुम्ही लिहिलेलं तेच," बाळाराम म्हणाला.

वर्षभराने लांबच्या कुठल्याशा महोत्सवात बाळारामला पहिल्याच भूमिकेतल्या अभिनयाचे बक्षीस मिळाले. एका समीक्षकाने लिहिले, 'या ओठांनी एका वर्गाचा सारा आवाज गिळला आहे. ते काय म्हणतात हे कळण्याची गरजच उरत नाही.' दुसऱ्याने लिहिले की त्या चाळीस सेकंदांत त्याला आपली आई आठवली. ज्यांनी ज्यांनी सिनेमा पाहिला त्यांतला एकही कामतघरचा नव्हता, आणि तो सिनेमा कधी कामतघरला येऊ नये एवढीच बाळारामची इच्छा होती. केसरीनाथला तो भीत नव्हता. पण गोदू त्याच्या खोलीत झोपत होती, त्याच्या हातचा चहा पीत होती, आणि 'मरत न्हाय ती' हे तिने वाचले तर उरलेली वर्षे त्या दहा बाय बारात कशी काढायची, हे त्याला समजत नव्हते.

केसरीनाथला मात्र सत्कार करायचा होता. त्याचे नाव अजून कामतघरच्या मतदार यादीत होते आणि महापालिकेला उभे राहायचा विचार चालू होता. कामतघरातला हॉल घेतला. लूमची सुट्टी शुक्रवारी, म्हणून शुक्रवार ठरवला. बॅनर लागले. त्यावर केसरीनाथचा फोटो मोठा आणि बाळारामचा पुरावा म्हणून लहान होता.

बाळारामने विपुलला फोन केला. "तो माझा सीन तेवढा काढता येईल का?"

"काका, तोच तर सिनेमा आहे. बाकीचं सगळं त्याच्या आधी आणि नंतर आहे."

मग त्याने मंदाला सांगितले, "आईला घरीच ठेव. हॉलमधे एसी हाय, सर्दी होईल."

"जावय हिरो झालाय तिचा," मंदा म्हणाली. "ती पहिल्या रांगेत बसणार. लुगडं पण काढून ठेवलंय."

शेवटी त्याने धम्मपालला विश्वासात घेतले. धम्मपाल म्हणाला, "काळजी करू नको. मी सगळ्यांना सांगतो, तेवढा सीन बघू नका." त्याने शब्द पाळला. शुक्रवारी हॉलमध्ये उभे राहायला जागा नव्हती.

पहिल्या रांगेत केसरीनाथ, चंद्रा, मंदा, गोदू आणि विपुल. बाळारामला शाल घालून कडेच्या खुर्चीत बसवले होते. सिनेमा सुरू झाला. पहिला तासभर लोकांनी दुःख सहन केले. मग पडद्यावर लूम धडधडला आणि बाळारामचे तोंड आले. कारखान्यात ओठ वीस फुटांवरून वाचावे लागतात. इथे नुसते तोंडच आठ फुटांचे होते.

'केसऱ्या' या शब्दाला हॉलमधून दोनशे माणसांनी एकदम श्वास घेतला. 'गलोल'ला मागून शिट्टी आली. 'घोड्या'पर्यंत पोहोचेतो बाकांवर हात आपटत होते. दापोड्याहून आलेल्या पाहुण्यांना वाटले, इथे अभिनयाची कदर आहे. केसरीनाथ उभा राहून टाळ्या वाजवू लागला.

"काय जबरदस्त बोललाय!" तो मागे वळून म्हणाला. "काय बोललाय पण?"

त्याच्या मागेच धम्मपाल बसला होता. त्याने घसा साफ केला आणि सगळा मजकूर, एक अक्षर न गाळता, स्वच्छ आवाजात सांगितला. बुटांपाशी आल्यावर त्याने खाली वाकून बूट पाहिले आणि मान हलवली.

दिवे लागले.

"माझं गोदाम!" केसरीनाथ ओरडला. "माझी लाइट! आणि मलाच शिव्या घालतोस, भिकारड्या?"

"तूच उभा होतास समोर," बाळाराम म्हणाला. आता लपवायला काही नव्हते. "हलला पण न्हायस. वडापाव खात होतास."

"पुरावा काय हाय कावळ्याचा?"

"तुझा ड्रायव्हर."

"चोर होता तो! डिझेल विकायचा!"

"मग गलोल कशाला दिलीस चोराच्या हातात?"

मागच्या रांगेतून कोणीतरी कावकाव केली. मग दुसऱ्याने केली. थोड्याच वेळात सगळा हॉल कावळ्यांनी भरला. चंद्राने पदर तोंडावर घेतला आणि मंदाला म्हणाली, "तुझ्या नवऱ्यानं आमची अब्रू काढली." मंदा म्हणाली, "तुझ्या नवऱ्यानं ती झाडाला टांगली व्हती, यानं फक्त दाखवली." पुढच्या क्षणी त्या बोलेनाशा झाल्या आणि बहुधा अजूनही बोलत नाहीत.

केसरीनाथने हॉलकडे पाहिले. दोनशे मतदार कावकाव करत होते. त्याने पोट आत घेतले, गोदूसमोर जाऊन हात जोडले आणि माइक मागवला.

"आई," तो म्हणाला, "झालं गेलं विसरा. आजपासून तुम्ही माझ्या बंगल्यावर. आत्ता, या क्षणी. गाडी बाहेर उभी हाय."

कावकाव थांबली. कोणीतरी टाळी वाजवली. बाळारामच्या छातीतून बारा वर्षे खाली उतरली, पण तेवढ्यात गोदूने मान वळवली आणि थेट त्याच्या तोंडाकडे पाहिले. तो घाबरला.

"आई, ते डायलॉग होतं," तो मोठ्याने म्हणाला. "सिनेमात असंच बोलतात."

"डायलॉग?" गोदू म्हणाली. तिला ऐकू येत नसल्यामुळे तिचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "रोज सकाळी माझ्याकडं पाठ करून दाढी करतोस. आरशात तोंड दिसतं तुझं. बारा वर्षं हेच बोलतोस. पहिली भूमिका म्हणे! बुटाचं तेवढं नवीन हाय."

बाळारामने शाल काढून खुर्चीवर ठेवली. विपुल मोबाइल काढून हे सगळे टिपू लागला.

"चला आई," केसरीनाथ म्हणाला. "बघा, कसा बोलतो तो तुमच्याबद्दल."

"मी न्हाय येत."

"आई, जुनं मनात धरू नका."

"जुनं न्हाय. दहाव्याच्या आदल्या दिवशीच मी मंदाला सांगितलं व्हतं, पोरी, तुझ्याकडंच राहणार म्हणून. विचार तिला."

मंदाने मान डोलावली. बाळाराम तिच्याकडे पाहत राहिला. बायकांनी पदर डोळ्यांकडे नेले. बंगला सोडून दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या आईचे मन आता उलगडणार, या अपेक्षेने विपुल मोबाइल घेऊन जवळ सरकला आणि त्याने हळूच, ओठ मोठे करून विचारले, "का, आजी?"

"याच्या बंगल्यात," गोदू म्हणाली, "खाली संडास न्हाय."