खालच्या आवाजाची गाणी

तीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवल्यावर माणसाला कवळीकाका म्हणणार नाहीत तर काय म्हणणार? दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे, त्यांवरून काका प्लास्टरचे साचे ओतायचे, मेणात एकेक दात बसवायचे, आणि आठवड्याभराने कुणीतरी अनोळखी माणूस त्या दातांनी सफरचंद खायचा. तो माणूस काकांना कधी दिसायचा नाही. त्यांची कामाची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला होती, एका खिडकीची. तिथे ते आणि त्यांची सहकारी अशी दोनच माणसं. सहकारी त्यांच्यापेक्षा बावीस वर्षांनी लहान, पण मेणकामात तिचा हात असा बसलेला की काका तिला मानाने ताई म्हणत.

काकांच्या एप्रनच्या डाव्या खिशात त्यांचा प्लेअर असे. काडेपेटीपेक्षा जरासा मोठा, कडेला पाच बटणं, आणि चिमुकल्या पडद्यावर एक आडवी रेघ कायमची गेलेली. मुलगी नववीत असताना तिने तो गाणी भरून दिला होता. आता ती दुसऱ्या शहरात नोकरी करत होती आणि घरी आली की दर खेपेला तेच म्हणायची, "बाबा, फोनमध्ये जगातली सगळी गाणी आहेत हो."

"मला जगातली काय करायचीत? माझी तीनशे बारा मला पुरतात."

हट्ट होताच, पण नुसता हट्ट नव्हता. काकांचे हात दिवसभर प्लास्टरने भरलेले असत. फोनची काच त्या बोटांना ओळखच देत नसे. प्लेअरची बटणं मात्र कापडावरूनही लागायची. वरचं दाबलं की आवाज मोठा, मधलं दाबलं की पुढचं गाणं. बघायचीसुद्धा गरज नाही.

एका सोमवारी प्लेअरचं पोट फुगलं. मागचं झाकण उचलल्यासारखं झालं. काका घाबरून तसेच जिन्याखालच्या दुकानात गेले. तिथली दुरुस्तीवाली बाई घड्याळांपासून हेअर ड्रायरपर्यंत काहीही उघडायची. तिने प्लेअर कानाशी नेऊन हलवला.

"बॅटरी फुगलीय. बरं झालं आणलात. गंमत बघा, अख्ख्या वर्षात असा एक येत नाही, आणि आज दोन आले."

बुधवारी काका प्लेअर घेऊन आले. पडद्यावरची रेघ नाहीशी झाली होती. बाईने न सांगता तेही करून दिलं म्हणून काका खूश झाले, आणि खोलीत येऊन, एप्रन चढवून, त्यांनी इअरफोन कानात घातले.

आधी एका बाईचा करडा आवाज आला. "खालचा आवाज. गाणं पहिलं. सोळा मोजा आणि मग या. श्वास चोरून घ्या, ओढून नको." मग आकडे. एक, दोन, तीन, चार. आणि मग एक जाडाभरडा पुरुषी आवाज विहिरीतून आल्यासारखा म्हणाला, "ओढ… ओढ… ओढ रे…" बस. पुन्हा आकडे.

काकांनी प्लेअर उलटा करून पाहिला. रंग तोच, बटणं तीच. पण कोपऱ्यावरचा ओरखडा भलत्याच बाजूला होता.

"ताई, हा माझा नाहीच!"

संध्याकाळी ते तडक दुकानाकडे गेले, तर दाराला कुलूप आणि वर चिठ्ठी: बहिणीकडे जात आहे, पुढच्या गुरुवारी उघडेन.

"मग ठेवून द्या आठ दिवस कपाटात," काकू म्हणाल्या. "दुसऱ्याचं पत्र वाचल्यासारखं आहे ते."

"पत्र कसलं? गाणी आहेत. तीसुद्धा अर्धीमुर्धी."

पहिला दिवस काकांनी कळ काढली. पण शांततेत घासायच्या मोटरचा आवाज डोक्यात जायला लागला. शुक्रवारी दुपारी त्यांनी इअरफोन घातले. एकंदर सहा गाणी होती. सगळ्यांत तोच आवाज, तीच करडी बाई. कुठे चार सूर खाली उतरायचे आणि एकदम थांबायचे. कुठे एकच शब्द नऊ वेळा. ही असली गाणी ऐकणारा माणूस कसा असेल, याचं काकांना मोठं कोडं पडलं. बरं, नावं ठेवावीत तर तेही होईना. सोळा आकडे मोजताना त्यांचे हात आपोआप मंदावायचे, आणि सतराव्याला दात बरोब्बर जागेवर बसायचा.

सोमवारी ताईने चाकू खाली ठेवला. "काका, हे काय चाललंय? गाणं म्हणताय की कपाट सरकवताय?"

"मी म्हणत होतो?"

"सकाळपासून!"

काका ओशाळले. पण त्यांच्या मनात वेगळीच चुटपुट होती. हे जे काही होतं, ते कशाच्या तरी खालचं होतं. वर काहीतरी चाललं असणार, ज्यासाठी हा बिचारा सोळा आकडे थांबतो. ते वरचं काय, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडेना.

गुरुवारी ते दुकान उघडायच्या आधीच दारात जाऊन उभे राहिले. तिथे आणखी एक जण होता. पन्नाशीचा, आडदांड, कमरेला हत्यारांचा पट्टा. त्याच्या हातात काकांचा प्लेअर होता. रेघ लांबूनच दिसली.

"तुमचाच का हो हा?" त्याने विचारलं. आवाज ऐकताच काकांना हसू फुटलं. विहिरीतला आवाज!

"ओढ रे," काका म्हणाले.

तो गडी आधी चमकला आणि मग इतका मोठ्याने हसला की वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावलं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा होता. दिवसाचा निम्मा वेळ खड्ड्यात नाहीतर छपराजवळ काढायचा. तिथे फोनला रेंज नाही, म्हणून हा जुना प्लेअर. बुधवारी संध्याकाळी तो समूहगानाच्या मंडळात गायचा, आणि तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी सरावासाठी प्रत्येकाला त्याचा भाग त्याच्याच आवाजात भरून दिला होता.

"पण एक विचारू?" लिफ्टवाला म्हणाला. "तुमच्यात एकच गाणं अकरा वेळा आहे. मला वाटलं, मशीन बिघडलं."

"ते माझ्या मुलीने केलंय. तेव्हा लहान होती. म्हणाली, बाबा, तुम्हाला हे आवडतं ना, मग हे सारखं सारखं लागलं पाहिजे."

लिफ्टवाल्याने पडद्यावरच्या रेघेवरून अंगठा फिरवला. "आठव्यांदा लागलं तेव्हा मलाही आवडायला लागलं होतं," तो म्हणाला.

तेवढ्यात दुरुस्तीवाली आली आणि डोक्याला हात लावून उभी राहिली. दोन्ही प्लेअरवर नावांच्या चिठ्ठ्या तिने स्वतःच्या हाताने उलट्यासुलट्या चिकटवल्या होत्या. भरपाई म्हणून काय करू, असं ती विचारायला लागली तेव्हा काकांनी चाचरत सांगितलं, "ती सहा गाणी माझ्यात उतरवून द्याल? यांची हरकत नसेल तर."

तिने दोन्ही प्लेअर संगणकाला जोडले. "जागा कमी आहे. हे अकरा वेळचं गाणं एकदाच ठेवू का?"

"नको नको! त्याला हात लावू नका." काका जवळजवळ ओरडलेच. मग तिने खाटखूट करून कुठूनतरी जागा काढली. लिफ्टवाल्याने हे सगळं पाहिलं आणि निघताना तो म्हणाला, "बुधवारी सहाला शाळेच्या व्यायामशाळेत या. वरचं काय आहे ते ऐका एकदा."

बुधवारी काका भिंतीलगतच्या बाकावर अंग चोरून बसले. तीसेक माणसं गोलात उभी. मध्ये त्या करड्या आवाजाच्या बाई, प्रत्यक्षात जेमतेम काकांच्या खांद्याएवढ्या उंचीच्या. त्यांनी हात उचलला आणि वरच्या आवाजांनी सुरुवात केली. नावाड्याचं गाणं होतं. नाव किनारा सोडते, पाणी चमकतं, मागे कुणीतरी हात हलवतं. सूर एकमेकांच्या अंगाखांद्यावरून पुढे जात होते. काकांनी हे कधीच ऐकलं नव्हतं. पण त्यांच्या आत आकडे सुरू झाले होते. तेरा, चौदा, पंधरा, सोळा.

"ओढ…"

एकटाच आवाज! बाकावरून! बाकीचे तिघे खालच्या आवाजवाले अर्धा क्षण मागे होते. तीस माना वळल्या. काकांना वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

बाईंनी हात खाली केला. "कोण होतं ते?"

काका उठले. "चुकलं. मी नुसता ऐकायला आलोय."

"चुकलं कुठे? तुम्हीच तेवढे वेळेवर आलात. माझे तिघे सहा महिने झाले तरी उशिराच येतात." लिफ्टवाल्याने मान खाली घालून हसू दाबलं. "काय करता तुम्ही?"

"कवळ्या बनवतो."

"मग हात बारीक कामाला बसलेला, कानही तसाच असणार. इकडे या. यांच्या शेजारी उभे राहा. आणि श्वास चोरून."

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "काय, ऐकून आलात?"

"गाऊन आलो."

काकूंनी हातातलं ताट खाली ठेवलं. एकोणतीस वर्षांच्या संसारात हा माणूस आंघोळ करतानाही कधी गायला नव्हता. "तुम्ही?" एवढंच त्या म्हणाल्या. पण पुढच्या बुधवारी पाच वाजताच त्यांनी काकांचा बरा शर्ट काढून खुंटीला लावला.

दोन महिन्यांनी रविवारी दुपारी त्याच शाळेच्या सभागृहात कार्यक्रम झाला. मुलगी रजा काढून आली. तिसऱ्या रांगेत ती, काकू आणि ताई अशा बसल्या होत्या. सहाही गाणी झाली, टाळ्या झाल्या, बाईंनी वाकून नमस्कार केला. बाहेर पडल्यावर ताईने काकांचा हात धरून हलवला, मुलगी तर गळ्यातच पडली. काकू तेवढ्या विचारात पडलेल्या दिसत होत्या.

"छान झालं हो," त्या म्हणाल्या. "पण मी इतका कान देऊन ऐकलं, तुमचा आवाज काही वेगळा ऐकू आला नाही."

काकांचा चेहरा असा उजळला की काकूंना वाटलं, आपण चुकून काही कौतुकाचं बोललो की काय.

"नाहीच यायचा! आला असता तर बाईंनी झाडलं असतं मला."

"मग गायचं कशाला माणसाने?"

"अगं, तेच तर…" काका सांगायला लागले. शेजारून लिफ्टवालाही त्यात पडला, आणि घरी जायची बस येऊन निघून गेली तरी दोघांचं समजावणं संपलं नव्हतं.