अकरा पायऱ्या

हॉस्पिटलच्या तळघरातल्या त्या प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षांत एकही पेशंट आभार मानायला फिरकला नव्हता. फिरकणार तरी कसा? ऑपरेशन करणारा डॉक्टर डोळ्यांसमोर असतो, नर्स उशाशी असते. खाली बसून मांसाचे तुकडे कागदाहून पातळ कापणाऱ्या ताई कोणाच्या गावीही नसतात. ताईंना त्याचं काही वाटत नसे. निदान त्या तसं म्हणत तरी.

त्या दिवशी सकाळी वरून तुकड्याची डबी आली आणि पाठोपाठ सर्जनचा फोन. सतरा वर्षांपूर्वी बसवलेला खुब्याचा सांधा खिळखिळा झालेला, आजूबाजूचं हाड पोखरलेलं. बाई शिवणकाम करणाऱ्या. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, त्याचं सगळं याच करतात. दोन महिन्यांपुरती बहीण आली आहे, पुढे कोणी नाही. आता आत जंतू आहेत, की झिजलेल्या सांध्यातला प्लॅस्टिकचा कीस? कीस असेल तर आजच नवा सांधा. जंतू असतील तर जुना काढून तीन महिने तसंच पडून राहायचं, मग पुन्हा ऑपरेशन.

"लवकर सांगा, पेशंट टेबलावर आहे," सर्जन म्हणाले.

ताईंनी तुकडा गोठवला, कापला, काचपट्टीवर घेऊन रंगवला. नव्या डॉक्टरीणबाईंनी मायक्रोस्कोपला डोळे लावले आणि त्यांचा चेहरा पडला. "ताई, पुवाच्या पेशी दिसताहेत. जंतूच म्हणायचे." त्यांचा हात फोनकडे गेला.

ताई एरवी डॉक्टरांच्या कामात नाक खुपसत नसत. पण हा तुकडा पात्याखाली कसा कापला गेला, ते त्यांच्या बोटांना ठाऊक होतं.

"थांबा हो जरा! ही नुसती रक्ताची गुठळी आहे, वरवरची. रक्तात या पेशी असायच्याच. हाडाला चिकटलेलं अस्तर मागवा."

"सर्जन चिडतील."

"चिडू देत की! त्यांच्या चिडण्याने कोणाचे तीन महिने जात नाहीत."

ताईंनीच फोन लावला. चिडलेच ते. "पेशंट टेबलावर उघडा आहे, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय, म्हणूनच मागतेय," म्हणून ताईंनी फोन ठेवला. मग मात्र त्यांच्या मनात आलं, नसता शहाणपणा केला आणि दुसऱ्या तुकड्यातही जंतूच निघाले तर?

दुसरी डबी आली. आत करडा, मऊ तुकडा. डॉक्टरीणबाईंनी काचपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. पुवाची पेशी औषधालाही नाही! त्यांनी खास प्रकाशाची काच सरकवली, तसे काळोखात बारीक कण लखलखू लागले.

"प्लॅस्टिक!" त्या ओरडल्याच. "ताई, बघा तर. पेशींनी पोटं भरून ठेवलीत. पचत काही नाही, मग त्या खवळतात, आणि त्यांच्या खवळण्यात शेजारचं हाड विरघळतं."

बाईंना त्याच दिवशी नवा सांधा बसला. ताई पुढच्या डबीकडे वळल्या आणि तो दिवस विसरूनही गेल्या.

दोन महिन्यांनी एका दुपारी जिन्यावर काठीची टकटक ऐकू आली. बराच वेळ ऐकू येत राहिली. दारात एक बाई उभ्या राहिल्या, घामाघूम.

"दुसरा तुकडा पाठवा म्हणून सर्जनशी भांडल्या, त्या कोण?"

"मी," ताई चाचरल्या. "का हो? काही चुकलं का?"

बाईंनी काठी भिंतीला टेकवली आणि ताईंचे दोन्ही हात धरले. "चुकलं? सर्जनसाहेबांनीच सांगितलं मला सगळं. काल बहीण घरी गेली. आज सकाळी ह्यांना मी आंघोळ घातली. मी, माझ्या हातांनी! तुमचे उपकार कसे फेडू हो?"

 ताईंनी कपाटातून प्लॅस्टिकच्या कणांची ती काचपट्टी काढली, मायक्रोस्कोपखाली लावली. बाई वाकायला लागल्या तशा ताई ओरडल्याच, "वाकू नका, बसा आधी!" उंच स्टूल ओढलं. गिळलेलं प्लॅस्टिक पचत नाही म्हणून पेशी कशा खवळतात, ते ताई सांगत गेल्या आणि बाई बघत राहिल्या.

"पचत नाही तरी गिळायचं, आणि मग घर डोक्यावर घ्यायचं. थेट आमचे मोठे दीर!" त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "सतरा वर्षं चालले मी त्या सांध्यावर. बिचारा झिजला. त्याला काय बोल लावायचा?"

बाई निघाल्या तसा ताईंचा पारा चढला. "अहो, लिफ्ट आहे की! अकरा पायऱ्या कशाला उतरलात?"

"लिफ्टने आले असते तर तुम्हाला काय दिसलं असतं?" बाई म्हणाल्या आणि चढू लागल्या.

ताई मागोमाग निघाल्या, हात न लावता, डोळे पुसत, अकराव्या पायरीपर्यंत.